उपासाची सकाळ

क्विनिनच्या बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर सोळा रेघा होत्या. दोन रेघांमधलं औषध म्हणजे एका मुलीची एका वेळची मात्रा. बोर्डिंगात हिवतापाच्या मुली चार, म्हणजे सकाळी चार रेघा, संध्याकाळी चार. सोमवारी सकाळी औषध एकच रेघ उतरलं होतं. मिशन शाळेच्या शिक्षिका निर्मलाबाईंनी बाटली खिडकीतल्या सपाट फळीवर ठेवली, डोळा पातळीशी आणला आणि पुन्हा पाहिलं. एकच.

रविवारी आणि सणाच्या दिवशी त्या पहाटेपासून देवळात मुलींची गाणी बसवत. त्या दिवसांत औषध द्यायचं काम स्वयंपाकाच्या धनुबाईकडे असे.

"धनुबाई, सकाळचं औषध कोणी घेतलं?"

"एकलीच पिनी, धाकली पारू." धनुबाई चुलीपुढून उठली नाही. "बाकीन्या म्हनतस, मिस्सानंतर लेसूत. काल बी तसंच. अन् नंतर कोन लेस त्या कडू जहरले? मी काय त्यास्ना मांगे धावू?"

"मला काल का नाही सांगितलंत?"

"तू गाई ऱ्हायनी व्हती ना, बाई. देवनं काम. मधमा कसं बोलू?"

ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्साच्या प्रार्थनेत फादर देतात तो पवित्र प्रसाद, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही तोंडात जाऊ द्यायचा नाही, असा नियम होता. रविवारी सर्व संतांचा सण झाला, आज मृतांचा दिवस. फादर महिन्यातून एकदा छकड्यातून येत, ते सणासाठी मुक्कामाला होते आणि मुलींचा मिस्सा नऊ वाजता होता. तिघींनी दोन्ही दिवस उपास धरला होता.

दोघींना ताप नव्हता. तिसरी तुळशी. ती निजायच्या खोलीत चटईवर गोधडी घेऊन पडली होती. निर्मलाबाईंनी तापमापक काढून उजेडात धरला. एकशे तीन आणि वर दोन दशांश.

"तुळशी, तोंड उघड."

"मिस्सा झाल्यावर, बाई."

"आज ख्रिस्तशरीर घेऊ नकोस. आजारी माणसाने औषध घ्यावं. त्यात पाप नाही."

"कालीने नव्हतं घेतलं." तुळशीचे दात वाजत होते, पण आवाज हट्टी होता. "तुम्ही देत होता, तरी ती नाही म्हणाली. सिस्टर सांगतात ना."

निर्मलाबाईंनी पेला चटईजवळ ठेवला.

काली ही तुळशीची थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी, १९३० साली, याच खोलीत ती तापाने फणफणली होती. त्या सकाळी ती पहिल्यांदाच ख्रिस्तशरीर घेणार होती. चुकलं असतं तर फादरांच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागलं असतं. निर्मलाबाई औषध घेऊन आल्या तेव्हा काली म्हणाली, "बाई, थोड्या वेळाने चालेल?" तिने नकार दिला नव्हता. तिने विचारलं होतं. पुण्यात विज्ञान शिकलेल्या, मात्रेची वेळ का पाळायची हे नेमकं जाणणाऱ्या निर्मलाबाईंनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हटलं. मोजलेलं औषध त्यांनी परत बाटलीत ओतलं. फादरांच्या छकड्याचं चाक वाटेत मोडलं. मिस्सा दुपारी झाला. तोवर पोरीच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. संध्याकाळी तिची शुद्ध गेली आणि तिसऱ्या दिवशी ती वारली.

सिस्टर फिलोमेनांनी तेव्हा विचारलं होतं, "औषध घेतलं नाही का तिने?" निर्मलाबाई म्हणाल्या होत्या, "तिने उपास मोडला नाही." वाक्य खरं होतं. त्या वाक्यातूनच कालीने औषध नाकारल्याची गोष्ट तयार झाली. शाळेत दरवर्षी मृतांच्या दिवशी ती सांगितली जाऊ लागली, आणि दरवर्षी निर्मलाबाई ठरवत की पुढच्या वर्षाच्या आत खरं सांगायचं.

सिस्टर ओट्यावर मेणबत्त्या मोजून टोपलीत ठेवत होत्या. त्या वसईच्या, मोठ्या आवाजाच्या, शाळेच्या प्रमुख.

"सिस्टर, आज कालीची गोष्ट सांगू नका."

"का बरं? तिचा बाप दोन दिवस चालत आलाय ती ऐकायला."

"मुली औषध टाळतायत. तुळशीला एकशे तीन ताप आहे."

"अरे देवा. मग द्या ना तिला! मी सांगते, औषध घ्यायचं म्हणून. वाटलं तर फादरांना सांगायला लावते."

"आधी औषध घ्या म्हणून सांगायचं आणि मग कालीची गोष्ट सांगायची. मुली त्यातलं काय धरतील?"

सिस्टर हसल्या. "निर्मलाबाई, तुमच्या बाटलीला रेघा आहेत. भक्तीला कुठून आणायच्या?" मग हसू आवरून म्हणाल्या, "त्या माणसाकडे दुसरं काय आहे, सांगा बरं. ते काढून घेऊ?"

निर्मलाबाई व्हरांड्याकडे वळल्या.

कालीचा बाप करमसिंग तिथे खांबाला टेकून बसला होता. त्याचा पाडा वर सातपुड्यात, धडगावच्याही पुढे. त्याने स्वतः बाप्तिस्मा घेतला नव्हता. नव्या भगरीची मूठ कालीच्या कबरीवर ठेवल्याशिवाय त्याच्या घरी नवं धान्य शिजत नसे. ती मूठ दिसली की सिस्टर नजर मेणबत्त्यांकडे वळवत. धनुबाईने त्याला चहा आणून दिला होता.

"दरसाल येस," ती म्हणत होती, "अन् दरसाल एकच धोतर. बायको दुसरं देत नही का?"

"हाईच धोतर देखीसन तू चहा देस. नवं नेसनू तर देशी का?" करमसिंग म्हणाला. धनुबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

निर्मलाबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. तो घरी भिलीत बोले. इथे खालच्या गावांची बोली जमेल तशी बोलत असे.

"बाई, बठ. तुले एक सांगू? कालीनी माय अजून रडस. तवय मी तिले सांगस, आपली पोर डरनी नही. बाई दवाई दी ऱ्हायनी व्हती, तरी तिनं देवनं वचन पाळं. मंग ती गप व्हस." त्याने कपातला चहा फिरवला. "हाई नसतं, तर मी तिले काय सांगतू?"

"तुळशीला ताप आहे, करमसिंगदादा."

"देखी उनू. बहीनसारखीच शे ती." हे तो अभिमानाने म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला आणि त्याने निर्मलाबाईंकडे नीट पाहिलं. "उतरी ना ताप?"

"औषध घेतलं तर बहुतेक उतरेल."

"मंग दे ना."

"ती घेत नाही."

साडेआठला सगळ्या मुली मोठ्या वर्गात जमल्या. तुळशी गोधडीसकट चालत आली. तिला कोणी थांबवू शकलं नाही. दाराशी बापाला टेकून ती जमिनीवर बसली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ओठांवर पांढरी साल आली होती. निर्मलाबाई औषधाचा पेला घेऊन तिच्या बाजूला उभ्या राहिल्या. मिस्साला अजून अर्धा तास होता. मिस्सा संपेपर्यंत आणखी तास. अजून दीड तास, असा हिशेब त्यांच्या मनात आपोआप झाला.

सिस्टरांनी क्रुसाची खूण केली. "मुलींनो, औषध सगळ्यांनी घ्यायचं, बरं का. हे आधी सांगून ठेवते." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "आता कालीची आठवण करू या. काली तेव्हा तिसरीत होती. अंगात ताप, समोर निर्मलाबाई औषध घेऊन उभ्या. काली काय म्हणाली?"

चाळीस मुलींनी एका सुरात उत्तर दिलं, "नको, बाई!"

तुळशीनेही ओठ हलवले.

"नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "ती तसं म्हणाली नव्हती."

सिस्टर थांबल्या. मुली मागे वळल्या. करमसिंगने मान वर केली.

"सिस्टर, मला बोलू द्या. करमसिंगदादा, तुम्हीही ऐका आणि तुळशी, तू ऐक. कालीने मला विचारलं, थोड्या वेळाने चालेल का. चालणार नाही हे मला माहीत होतं. ती इतकी आनंदात होती की माझ्याने नाही म्हणवलं नाही. औषध घेऊन ती वाचली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिला ते देणं माझं काम होतं. मी ते दिलं नाही, आणि सहा वर्षं कोणाला सांगितलंही नाही. चूक माझी आहे. तुळशी, तोंड उघड."