मनुबाईंनी मोडलेला मणी

आष्ट्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग भरल्या लग्नाला लाजवील असा होता. आत स्टेजवर, एरवी नवरा-नवरी बसतात त्या लाल मखमली कोचावर, एकटे मणीमहाराज ऐसपैस बसले होते. समोर लिंबांची टोपली, बाजूला हिरव्या मण्यांचं ताट.

"बघा, डोळे भरून बघा!" महाराजांनी हळकुंडाच्या आकाराचा एक मणी वर धरला. "हे ब्रह्मदेशाच्या खाणीतलं जेड रत्न! शंभर टक्के नॅचरल. ना रंग, ना केमिकल. पृथ्वीमातेच्या पोटातला गारवा ह्यात कोंडलाय. ह्याला अग्नी शिवत नाही!"

त्यांनी मण्याला पांढरा दोरा घट्ट गुंडाळला आणि खाली लायटर धरला. ज्योत दोऱ्याला चाटत राहिली, दोरा काही जळेना. हॉलभर "अगं बाई!" झालं. मग महाराजांनी पहिल्या रांगेत बसलेल्या भामाबाईंच्या गळ्यातला मणी मागून घेतला आणि त्यावर लिंबू पिळलं. मण्यावर बुडबुडे फसफसले, खाली हिरवट पाणी ठिबकलं.

"आठवडाभर ओढून घेतलेली साखर बाहेर पडतेय, माई! मण्यानं तुमचा मधुमेह पिऊन टाकला!"

भामाबाईंनी तिथंच दंडवत घातला.

तिसऱ्या रांगेत अर्फा बसली होती. कराडच्या कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकवायची, आणि दगडांबद्दल इतकं धडधडीत खोटं ऐकून तिचे कान तापले होते. पण ती भांडायला आली नव्हती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत एक जड वस्तू होती आणि ती वस्तू आठवली की तिला हसू आवरत नव्हतं.

तिच्या शेजारी मनुबाई बसल्या होत्या. अर्फाची आई मदिनाबी दिवसभर बांगड्यांच्या दुकानात असायची, तेव्हा शाळेतून आलेल्या अर्फाला ह्याच शेजारच्या काकूंनी भाकरी वाढली होती. आता काकूंच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात हिरवा मणी होता आणि इन्सुलिन फ्रिजच्या दारात तसंच पडून होतं. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. परवा तर त्या गोठ्यातच चक्कर येऊन पडल्या. त्यांचे यजमान नाथाजी, फौजेतले निवृत्त हवालदार, ह्यांनी आरडाओरडा करून पाहिला आणि शेवटी अर्फाला फोन केला, "पोरी, तुजी काकू सुई घ्यायला तयार न्हाई. तू ये."

अर्फानं काल तास दीड तास समजावलं होतं. काकूंचं एकच उत्तर. "तू पुस्तकातलं सांगतीस. म्या डोळ्यांनी बगितलंय."

मग डोळ्यांनाच दाखवायला हवं होतं.

अर्फा पिशवी घेऊन स्टेजवर गेली. आत हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, फक्त एक काळं टोक उघडं होतं.

"महाराज, हाही थंडगार दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे. जरा परीक्षा करता?"

महाराजांनी वस्तू हातात तोलली. वजन चांगलंच होतं आणि महाराजांचे डोळे लकाकले. त्यांनी टोकाला दोरा गुंडाळला, लायटर धरला. दोरा जळाला नाही.

"अद्भुत!" महाराज उठून उभेच राहिले. "ब्लॅक जेड! लाखात एक! माउली, हा आश्रमात हवा. घरात झेपायचा नाही तुम्हाला."

"घरात रोज झेपतो, महाराज." अर्फानं कापड सोडलं.

मनुबाई ताडकन उठल्या आणि स्टेजच्या पायरीपाशी आल्या. "आगं, ह्यो तर माजा वरवंटा! सकाळधरनं हुडकतीया मी!"

वरवंट्याच्या एका बाजूला लसणाची चटणी अजून वाळलेली होती. हॉलमध्ये असा हशा उसळला की पाठीमागची पोरं बाकावर चढली. चोरीत सामील असलेले नाथाजी दारापाशी मिशीतल्या मिशीत हसत होते.

"दोरा घट्ट गुंडाळला की आच दोऱ्यात न थांबता दगडात जाते," अर्फा लोकांकडे वळून म्हणाली. "म्हणून तो लगेच पेट घेत नाही. कुठलाही दगड घ्या, स्टीलचा तांब्या घ्या. घरी करून बघा."

"आणि लिंबू?" भामाबाईंनी आवाज चढवला. "साखर निगाली त्ये?"

अर्फानं टोपलीतलं लिंबू उचललं. स्टेजची पायरी संगमरवरी होती. तिनं किल्लीनं पायरी जराशी खरवडली आणि लिंबू पिळलं. पायरी फसफसली.

"भामाकाकू, आता ह्या पायरीला पण शुगर आहे म्हणायचं का?"

पुन्हा हशा. "संगमरवरावर आंबट पडलं की बुडबुडे येतातच. महाराजांचा मणी म्हणजे रंगवलेला संगमरवर. हिरवं पाणी हा त्याचा रंग."

महाराजांनी आता सूर बदलला. आवाज खाली गेला, बोट वर आलं. "हसा! मण्याची निंदा करा! पण ध्यानात ठेवा, मणी मोडला की ओढलेला आजार दुपटीनं उलटतो. आहे कुणाची छाती?"

हसणं थांबलं. ज्याच्या त्याच्या हातानं आपला मणी चाचपला. इथं शास्त्र सांगून भागणार नव्हतं, भीती काकूंच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती.

"काकू," ती हळूच म्हणाली, "सांगलीच्या बाजारात तुम्ही कधी न मोडता हळकुंड घेतलंय? घरासाठी असू दे, विकायला असू दे?"

"कवाच न्हाई."

"का?"

"वरनं पालिश मारत्यात की गं. आत काय हाय, मोडल्याबिगर कसं कळंल?"

हे बोलल्या आणि मनुबाई तिथंच थांबल्या. हॉलमधली निम्मी माणसं हळदीवाली. दलालानं 'मोडू नका' म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला पोत्यासकट बाहेर काढलं असतं. मनुबाईंनी गळ्यातला दोरा ओढून तोडला, मणी पायरीवर ठेवला, आपलाच वरवंटा उचलला आणि हाणला.

मणी मधोमध मोडला. आत पांढराफटक. फक्त भेगांतून हिरव्या रेषा उतरलेल्या. मनुबाईंनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, हळकुंड पारखावं तसा उलटसुलट केला आणि निकाल दिला, "पालिशचा माल."

पुढं काही सांगायची गरजच उरली नाही. महाराज स्वयंपाकघराच्या दारानं निघाले होते, पण तिथं नाथाजी आधीच जाऊन सावधान पवित्र्यात उभे. "बसा की म्हाराज. पोलिसांना फोन झालाय."

गर्दी पांगल्यावर अर्फानं पर्समधली डबी उघडून कॉलेजच्या संग्रहातला खऱ्या जेडचा छोटा तुकडा दाखवला. रंग एकसारखा, उजेडात धरला की आतून उजळणारा. "खऱ्याचा पोत बारीक असतो, आणि तो इतका चिवट की असा सहज फुटत नाही. पण नुसत्या डोळ्यांवर जायचं नाही. रंग चढवलाय का, राळ भरलीय का, हे प्रयोगशाळेत तपासतात. काही न केलेल्या दगडालाच मोल."

मनुबाईंचे डोळे चमकले. "मग ह्योच बांद की माज्या गळ्यात!"

अर्फा मनापासून हसली. "बांधते. दिसायला छान दिसेल. साखरेला मात्र तुमच्या वरवंट्याइतकाच उपयोग."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि इन्सुलिनची सुई भरली. मनुबाईंनी दंड पुढं केला, मग मागं घेतला.

"डाक्टर, आदी सांगा, ह्ये औषद आत जाऊन करतंय काय? ह्ये काय मोडून बगता येत न्हाई. पण इचारता तर येतंय?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. मनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा अडवलं, आणि पटल्यावरच दंड पुढं केला. हळकुंडाला आपण जेवढं पारखतो, तेवढं तरी आपल्या जिवाच्या औषधाला पारखावं. मोडून बघावं, नाहीतर विचारून बघावं. आणि जो मोडूही देत नाही, विचारूही देत नाही, त्याच्या दारातून आपल्या चपला उचलाव्यात.