रणगाड्याची जाळी

शनिवारी सकाळी आकाराम सांगलीत नानासोंच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या पिशवीत पितळेचे दोन पातळ पत्रे आणि कागदाची एक गुंडाळी होती. नानासो म्हणजे छापखान्यांना ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, करून देणारा माणूस. लग्नपत्रिकेवरचा गणपती असो की पुढाऱ्याचा फोटो, जस्तावर नाहीतर तांब्यावर उठवून देणार ते नानासोच. आणि आकाराम म्हणजे पलटणीतून हवालदार होऊन घरी आलेला, आणि शेती सोडून लाकडाचा छोटा रणगाडा कोरत बसलेला. पाटणच्या अलीकडच्या त्याच्या गावानं त्याला वेड्यात काढायचं तेवढं काढून झालं होतं.

रणगाडा होता धोंडुबाईसाठी. तिचा सिद्धू एकाहत्तरच्या लढाईत रणगाडा चालवत होता, आणि आकाराम त्याच गाडीवर होता. गोळा लागला, आकाराम वरच्या तोंडातून बाहेर पडला, सिद्धूच्या डोक्यावरचं झाकण मात्र अडकलं. पुढं आटपाडीच्या माळावर तो निरोप सांगायला गेला, तर म्हातारीनं रडण्याआधी एवढंच विचारलं, "त्या लोखंडी पेटीत वारं तरी येत हुतं का रं?"

जन्मभर मेंढरांमागं उघड्यावर हिंडलेली बाई. आपलं पोरगं कोंडून मेलं हे तिला सोसवेना, आणि ते आकारामला बघवेना. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आवं मावशी, पाठीमागं जाळी हाय की. वारं येतं."

जाळी होती, पण ती इंजिनाची. माणसं बसतात ती जागा आणि इंजिन यांच्यामध्ये लोखंडाची भिंत असते, तिच्यातून मुंगीसुद्धा जात नाही. हे काही तो बोलला नाही. दोन वर्षं होत आली, पण ते खोटं त्याच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

दिवाळी झाली की धोंडुबाईची मेंढरं कोकणाच्या वाटेला लागत. वाटेतले शेतकरी खतासाठी रानात कळप बसवून घेत. गेल्या वर्षी जाताना ती म्हणाली होती, "ती जाळी मला डोळ्यानं दाव, गड्या." यंदा कळप आकारामच्याच रानात बसला होता आणि रविवारी पहाटे हलणार होता. म्हातारी इतकी वाळली होती, की पुढच्या दिवाळीचं काही खरं नव्हतं.

रणगाडा तयार होता. हातभर लांब, आतून पोकळ, सिद्धूच्या बैठकीसकट. मधली भिंत तेवढी त्यानं बसवलीच नव्हती. जाळी मात्र जमेना. चहाच्या गाळणीची तार लावून पाहिली, तर रंगाचा हात दिला की भोकं बुजायची. पत्रा कातरला तर वाकडा व्हायचा. मग एका लग्नपत्रिकेवर गणपतीच्या सोंडेची बारीक नक्षी बघून त्याच्या डोक्यात उजेड पडला. एवढं बारीक काम हातानं होत नाही, ते धातू खाणाऱ्या औषधानं होतं.

नानासोंनी गुंडाळी उलगडली. जाळीचं चौपट मोठं चित्र, काळ्या शाईनं काढलेलं. "ब्लॉक करायचा?"

"ब्लॉक न्हवं. काळं तेवढं ऱ्हावं, पांढरं समदं आरपार जावं."

"आरपार?" नानासोंनी चष्मा काढला. "आवं हवालदार, पंचवीस वर्सं ह्यात गेली. पत्र्याला भोक पडलं की माझा उस्ताद मुस्काटात द्यायचा. आनि तुमी म्हनता भोकंच पायजेत!"

तरी माणूस हाडाचा कारागीर. त्यांनी काचेवर चित्राचा लहान, काळ्याचं पांढरं झालेला फोटो काढला, पत्र्यावर सरस आणि मसाल्याचा थर दिला, त्यावर ती काच ठेवून दिव्याखाली धरला. उजेड लागला तिथं थर घट्ट झाला, बाकीचा पाण्यानं धुऊन गेला. पत्र्याच्या पाठीला औषध लागू नये म्हणून तिथं लाखेचा लेप दिला. मग पत्रा तपकिरी औषधाच्या बशीत सोडला आणि बशी हळूहळू हलवू लागले.

वीस मिनिटांनी नानासोंचा हात आपोआप बशीत गेला. पत्रा बाहेर काढून धुतला सुद्धा. नक्षी छान उठली होती, पण एकही भोक आरपार नव्हतं. ब्लॉकच झाला होता.

"हाताची सवय, दुसरं काय," नानासो ओशाळले. पुन्हा बुडवला, तर धुताना हललेला थर सुटला आणि जाळीच्या पट्ट्यांचे तुकडे बशीच्या तळाशी जाऊन बसले.

आकारामचे कान तापले. या माणसावर ओरडावं असं त्याला वाटलं, पण एकच पत्रा उरला होता. दुपार कलली होती आणि गावाकडची गाडी चारला सुटत होती.

दुसरा पत्रा बशीत पडला. वीस मिनिटं झाली. नानासोंचा हात उठला. आकारामनं त्यांचं मनगट धरलं.

"थर सुटंल वो!"

"सुटू द्या. ऱ्हाऊ द्या आत."

पंचवीस मिनिटं झाली. आकारामला झाकणावर आपटलेले स्वतःचे हात आठवत होते. तेव्हा किती मिनिटं गेली होती, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. नानासोंनी चिमट्यानं पत्रा उचलून खिडकीसमोर धरला. लाखेच्या पडद्यातून एका फटीत पिवळा उजेड आला, मग दुसरीत, मग सगळ्यांत. स्पिरिटच्या बोळ्यानं लाख पुसली आणि पट्ट्या मोकळ्या झाल्या.

"जा पळा," नानासो म्हणाले.

रात्री घरी पोचताच आकारामनं जाळी बसवली आणि रणगाडा रानात नेऊन धोंडुबाईच्या मांडीवर ठेवला. तिनं बोटांनी सगळा चाचपला. वरच्या तोंडातून एक हात आत सिद्धूच्या बैठकीपर्यंत घातला, जाळीला ओठ लावले आणि फुंकर मारली.

"आलं," ती म्हणाली. "हाताला वारं आलं."

आकाराम मान खाली घालून बसला. यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता, आणि आता त्याला तिच्याकडं बघवत नव्हतं.

"लढाईच्या आदी सिद्धूचं कागद आलं हुतं," म्हातारी सावकाश बोलली. "मास्तरनं वाचून दावलं. पाठीमागं लोखंडाची भित हाय, पल्याड इंजन, गाडी लय तापती, म्हनून लिवलं हुतं. मला पयल्यापासनं ठावं हाय, लेकरा. तू कवा सांगतोस ते बगत हुते."

आकारामला हुंदका आवरला नाही. "झाकान अडाकलं हुतं, मावशी. लय वडलं. न्हाई निगालं."

तिनं आतला हात काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. "ही भित तू घातली न्हाईस. घालूबी नगंस."

पहाटे कळप हलला. कोकरं आणि भांडीकुंडी घोड्यावर लादली होती. त्या सगळ्याच्या वर, काहीही न झाकता, रणगाडा बांधला होता.