पिवळी पट्टी

सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला इशारा दिसला की त्याचे हात आपोआप मागे जातात. अनंतराव त्यातलेच. फायलीवर 'हरकत आहे' असा शेरा दिसला की ते ती फाइल मिटून बाजूला सारत आणि वरून काही येईपर्यंत तिच्याकडे बघतसुद्धा नसत. ते निवृत्त झाले, पण ही खोड काही निवृत्त झाली नाही, आणि या वेळी तिच्यापायी त्यांचा डोळाच जायची पाळी आली.

काचबिंदूने उजवा डोळा आधीच नेला होता. उरला डावा. त्याचे थेंब धंतोलीतले डोळ्यांचे डॉक्टर दर खेपेला बदलत, बाटल्या सगळ्या सारख्या, आणि अनंतरावांचा गोंधळ उडे. म्हणून त्यांच्या सुनेने, मयुराने, आपल्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये ठसठशीत अक्षरांचा तक्ता करून दिला. कोणत्या रंगाच्या झाकणाची बाटली, सकाळी की संध्याकाळी, सगळं त्यात.

मयुराचं माहेर खापा गावचं. त्यांच्या मुलाशी, विक्रमशी, लग्न होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. घरूनच एका कंपनीचं काम करायची, आणि सासऱ्यांशी बोलायची ते अगदी पुस्तकी आणि मोजकं. सासरेही तसेच. माया दोघांनाही होती, पण ती सासूबाईंच्या, प्रेमलताबाईंच्या, मार्फत पोचायची. "तिले सांग, भाजी चांगली झाली," असं अनंतराव बायकोला म्हणत, आणि सून समोरच पोळी वाढत असे.

पहिल्याच सकाळी त्यांनी तक्ता उघडला आणि वर पिवळी पट्टी आली. सुरक्षेचा इशारा, मॅक्रो बंद केले आहेत. शेजारी 'चालू करा' असं बटण. मॅक्रो हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी शेजारच्या गिरिधररावांना विचारलं. गिरिधरराव म्हणजे कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणारा माणूस.

"त्यातूनच तं व्हायरस येते गा," ते म्हणाले. "लॅपटॉप कंपनीचा असंन तं पोरीची नोकरीच जाते."

झालं. अनंतरावांनी फाइल मिटली ती मिटलीच. सांगावं तर पोरीला वाटणार, सासऱ्याने आपल्या कामात खोट काढली. मग ते रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसत, शहाण्यासारखी मान हलवत आणि हाताला येईल त्या बाटलीतले थेंब डोळ्यात सोडत.

डोळा काही सरकारी फाइल नव्हे, तो कुणासाठी थांबला नाही. पुढच्या तपासणीत दाब बराच वाढलेला निघाला. असंच चाललं तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर मयुरा स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ रडायला लागली. "आई, तक्ता मीच चुकीचा केला असणार. माझ्यामुळे बाबांचा डोळा..."

बाहेर अनंतरावांनी ते ऐकलं. पोरीला जपायला निघालेल्या माणसाने पोरीलाच रडवलं होतं. ते उठून दारात आले, आणि या वेळी बायकोकडे बघितलंसुद्धा नाही.

"मयुरा, तक्ता तुहा बरोबर आहे वं. मीच पाहत नव्हतो." आणि त्यांनी पट्टीपासून गिरिधररावांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

मयुराने डोळे पुसले, लॅपटॉप आणला, फाइल उघडली. पट्टी हजर होती.

"ही? ही तर मलाही दिसते, बाबा. मी तिच्याकडे बघतच नाही."

तिने मॅक्रोंची, म्हणजे फाइलकडून आपोआप कामं करवून घेणाऱ्या सूचनांची, यादी काढली, ती रिकामी. व्हायरसची तपासणी लावली, त्यातही काही नाही. मग जिथे मॅक्रो लिहितात ती मागची खिडकी तिने उघडली आणि कपाळाला हात लावला. बाबांसाठी अक्षरं आणखी मोठी करणारं एक बटण तिला करायचं होतं. ते जमलं नाही म्हणून तिने आतलं लिहिलेलं पुसलं, पण ज्यात लिहिलं होतं तो डबा, ते मॉड्यूल, तसंच राहून गेलं होतं. आत एक अक्षर नव्हतं, आणि एक्सेल नुसता डबा बघून ओरडत होतं.

तिने मॉड्यूल काढून टाकलं, फाइल मॅक्रो नसलेल्या साध्या प्रकारात सेव्ह केली, बंद केली, पुन्हा उघडली. पट्टी आली नाही.

"अजून एकदा उघड," अनंतराव म्हणाले. तरीही आली नाही.

"पट्टीखाली तक्ता तर दिसत होता," मयुरा हळूच म्हणाली. "बटण न दाबताही वाचता आला असता. का नाही वाचलात?"

"तुह्या नोकरीले काही झालं असतं तं? माहा डोळा म्हातारा आहे वं. तुही नोकरी नवी आहे."

मयुराचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेलं.

"काहून असं केलं तुमी, बाबा? नोकरी काय, दुसरी भेटते. डोळा कुठून आणून देऊ मी तुमाले? अन् गिरिधरकाकाले विचारलं, मले नाही विचारलं. मी का या घरची पाहुणी आहो?" खाप्याला बापावर तडकावं तशी ती तडकत होती, आणि तडकता तडकता तक्त्यात बघून बाटलीचं झाकण काढत होती. "बसा. मान मागं करा. आता थेंब मीच टाकत जाईन. अन् काही दिसलं तं मले सांगाचं, आईले नाही."

प्रेमलताबाई मध्ये पडायला उठल्या. अनंतरावांनी हातानेच त्यांना बसवलं. त्यांना मुलगी नव्हती, आणि मुलगी बापावर कशी रागावते ते या घराने कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान मागे टाकली, आणि ती बोलत होती तोवर डावा डोळा मिटला नाही.