धाकटीचं मागणं

आमच्या शिवणाच्या दुकानात सकाळी शटर उघडण्याआधी प्रार्थना होते. सासूबाईंचा नियम असा की जिचं जे काम अर्धवट पडलंय त्यावर तिनं हात ठेवायचा आणि मोठ्यानं मागायचं. "मनातलं देवाला कळतं, मला नाही कळत," असं त्या म्हणतात. शेवटी आमेन त्या म्हणतात, आणि त्या आमेनवरून माझा दिवस कसा जाणार ते ठरतं.

माझं मागणं सरळ असायचं. प्रभू, लग्नाचे कपडे वेळेत होऊ देत, जुन्या मशीनचा पट्टा टिकू दे, माझी कंबर सांभाळ. यावर सासूबाईंचं आमेन म्हणजे भाजीवालीला 'बरं बरं' म्हणावं तसं. मग माझी धाकटी जाऊ डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, मला समज दे." बस्स, एवढंच. आणि त्यावर सासूबाईंचं आमेन असं निघायचं की खिडकीच्या काचा थरथराव्यात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एरवी मी सोडून दिलं असतं, पण सासूबाईंना आता खडूची रेघ दिसेनाशी झाली होती. कापायचं टेबल आणि सासऱ्यांची ती जड लोखंडी कात्री आम्हा दोघींपैकी एकीकडे जायची होती. आमच्याकडे जिच्या हातात कात्री तिचं दुकान. मशीनवर बसणारीनं पुढ्यात येईल ते शिवायचं. मला ती कात्री हवी होती. या घरात आधी मी आले, बोटं आधी माझी टोचली, आणि मागून आलेली ही नुसते डोळे मिटून बाजी मारणार?

त्यातच एका रविवारी पाळकांनी जुन्या काळच्या एका राजाची गोष्ट सांगितली. देव त्याला म्हणाला, काय हवं ते माग. त्यानं धनदौलत सोडून शहाणपण मागितलं, तेव्हा देवानं खूश होऊन शहाणपण तर दिलंच, वर धनदौलतही दिली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे धाकटीचं हे चाललंय होय! आवळा देऊन कोहळा काढायचा! साळसूदपणे समज मागायची, म्हणजे कात्री आपोआप पदरात.

सोमवारी मी एका कोटाच्या कॉलरवर हात ठेवला आणि तिच्याहून गोड आवाजात म्हणाले, "प्रभू, मलाही समज दे." एक डोळा मिटलेला होता, दुसरा कात्रीवर. सासूबाई आमेन म्हणाल्या, नेहमीपेक्षाही बारीक.

त्याच आठवड्यात शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई गर्द हिरवी मखमल घेऊन आल्या. त्यांना कोट हवा होता. सासूबाई म्हणाल्या, "हे धाकटी कापेल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मखमलीची लव एका दिशेला झोपते. एखादा तुकडा उलटा कापला की तो बाकीच्यांपेक्षा फिका दिसतो, मग कितीही इस्त्री फिरवा, झाकत नाही. ज्याला कात्री द्यायची त्याची परीक्षा मखमलीवरच होते.

धाकटीनं तुकडे मांडले, खडू फिरवला, कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. कापडावरून तळहात फिरवला. संगीताच्या बाई अजून खुर्चीतच बसल्या होत्या. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "ताई, लवेची दिशा वर ठेवायची की खाली? मला नक्की कळत नाहीये."

गिऱ्हाइकासमोर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी उठले, जरा सावकाशच उठले. "वर ठेवायची गं, म्हणजे रंग गडद दिसतो. आणि ही पाठ तू उलटी मांडलीयेस." मी तुकडा फिरवून दिला. आता कात्री कुठे जात नाही, हे मला कळलं होतं.

बाई गेल्यावर धाकटी सासूबाईंना म्हणाली, "आई, कात्री ताईंनाच द्या."

"कळलं का तुला?" सासूबाईंनी विचारलं.

"कळलं."

"काय कळलं?" मी मध्येच म्हणाले. या दोघींची काहीतरी गुपितं आहेत हेही मला सहन होईना.

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, मला कात्री खरंच हवीये, की नुसतं तुम्हाला हरवायचंय, तेवढं कळू दे, म्हणून मी रोज समज मागत होते. तुमचा हात सफाईदार, गिऱ्हाइकं तुमचं नाव घेऊन येतात. जळायचे मी तुमच्यावर. आज कात्री उचलली आणि लक्षात आलं, मला फक्त हरवायचंच होतं. मग सरळ तुम्हाला विचारलं. छातीवरचा दगड उतरला बघा." एवढं बोलून ती मशीनवर जाऊन बसली आणि गुणगुणायला लागली.

सासूबाईंनी कात्री माझ्या हातात दिली. दिवसभर मी कापत होते आणि ती गुणगुणत होती. मला हवं होतं ते मिळालं होतं, दुकान माझं झालं होतं, आणि तरी माझे कान तिच्याकडेच. जे मला आतून कुरतडत होतं तेच तिलाही कुरतडत होतं, आणि तिनं ते टाकून दिलं होतं! माझं मात्र अजून जागच्या जागी होतं. काल कात्रीसाठी जळत होते, आज त्या गुणगुणण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरव्या मखमलीवर हात ठेवला. "प्रभू, मला..." म्हणाले आणि पुढचा पाठ केलेला शब्द सोडून दिला. दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"हिला दिलंस ते मला दे," मी म्हणाले. "आणि हिच्यापेक्षा जरा जास्तच दे."

मशीनवरून धाकटी खुदकन हसली. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत तीच आमेन म्हणाली, इतक्या मोठ्यानं की काचा थरथरल्या. त्याचाही मला राग आला.