टाकीचं अपचन

भाऊंच्या घरी पाहुण्याला आपलं पोट भरल्याचा पत्ता स्वतःहून लागत नसे. तो जेव्हा दोन्ही हात ताटावर आडवे धरून गयावया करू लागे, तेव्हा यजमान समजत, की आता कुठे जेवणाला सुरुवात झाली. परसात गोबरगॅसची टाकी बसली, तेव्हा भाऊंनी तिलाही याच घरच्या रीतीनं वागवलं.

टाकी हौसेनं बसवलेली नव्हती. कुंपणापलीकडे राहायला आलेल्या निवृत्त दंतवैद्यांना गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगाचा वास सोसत नव्हता. "तीन महिन्यांत वास गेला नाही, तर गोठा वस्तीबाहेर न्यायला लावीन," असं त्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत बजावलं होतं. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावलेल्या माणसाला वासाचं एवढं वावडं कसं, हा प्रश्न भाऊंनी गिळला. गोठा हलवायला दुसरी जागा नव्हती आणि गाईंशिवाय दुसरा धंदा येत नव्हता.

टाकीनं मात्र कमाल केली. शेण आत गेलं, ढीग संपला, स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटली. मागच्या नळीतून वाहणाऱ्या पातळ काळ्या खताला तर ओल्या मातीपलीकडे वासच नव्हता. भाजीच्या वाफ्यांनी ते पिऊन अंग धरलं. भाऊंना भरून आलं. एवढी राबते बिचारी, आणि खायला रोज तेच शेणपाणी! एका रविवारी त्यांनी तिला नासलेलं दूध, पिचकी फळं आणि बेकरीतले शिळे पाव पोटभर वाढले. वर आग्रहाची एक बादली.

सोमवारी ज्योत फडफडली आणि विझली. नळीतून असा आंबूस भपका आला, की गाईंनीसुद्धा तोंडं फिरवली.

टाकी बसवणारा मिस्त्री फोनवर म्हणाला, "टाकी आहे की जावई? आता काही दिवस उपाशी ठेवा."

"उपाशी?" भाऊ जवळजवळ ओरडलेच.

"तुमच्या घराण्यात हा शब्द नवा आहे, माहितेय मला," बायको शेजारून म्हणाली. "पण ऐका त्यांचं."

टाकी उपाशी, म्हणून शेण बाहेर. शेण बाहेर, म्हणून ढीग पुन्हा उभा. तीन महिन्यांची मुदत भरली आणि डॉक्टर नाकाला रुमाल लावून हजर झाले. सगळा दोष वाऱ्यावर ढकलायची थाप भाऊंनी तयार ठेवली होती, पण बायकोनं नुसतं पाहिलं आणि ते खरं बोलून गेले.

"चूक माझी, डॉक्टर. जास्त खायला घातलं."

"काय घातलंत?"

"दूध, फळं, पाव."

डॉक्टरांनी रुमाल खाली घेतला. "म्हणजे गोड! अहो, गोड आणि जंतू एकत्र आले की आम्ल होणारच. माझी हयात गेली हे लोकांना सांगण्यात. एकानं ऐकलं नाही." ते नळीपाशी उकिडवे बसले, खिशातून छोटी बॅटरी काढून आत पाहू लागले. "हं. चुना आहे घरात? मूठभर घ्या, पाण्यात कालवून आणा. उद्यापासून अर्धी बादली शेण, त्याहून कण जास्त नाही. मी सकाळी येऊन बघीन."

"आणि गोठा?" भाऊंनी भीत भीत विचारलं.

"पेशंट इथे असताना गोठा कुठे नेताय?" डॉक्टर मान वर न करता खेकसले. "जरा सरका, उजेड अडवताय."