पूर्वेच्या कुंपणाजवळची कबर

मी चुन्याची बादली बोलतेय. आणि आधीच सांगून टाकते, कमलबाईवर कुणी विश्वास ठेवला नाही. जित्याजागत्या बाईचं खरं मानलं नाही, तिथं माझ्यासारख्या पत्र्याच्या भांड्याचं कोण मानणार? तरी बोलते.

माझा जन्म धुळ्याचा. पत्रा ठोकठोक ठोकला, दोन कान लावले, कडी अडकवली, झाले मी बादली. शिरपूरच्या बाजारात कमलबाईनं मला उचलून बुडावर टिचक्या मारल्या, उन्हाकडे धरून भोक आहे का बघितलं, आणि आपल्या गावी आणलं. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. तिथं जुन्या मिशनच्या काळापासून ख्रिस्ती मंडळी आहे, पन्नासेक घरं, आणि नाल्याच्या काठाला त्यांचं कबरस्थान.

माझं खरं काम वर्षातून एकच दिवस; एरवी मी कबरस्थानाच्या कुंपणाला उपडी. उत्तम शुक्रवार आणि ईस्टरचा रविवार, यांच्यामधला शनिवार.

त्याच्या आधी चाळीस दिवस या लोकांचे उपास. मटण नाही, लग्न नाही. झावळ्यांच्या रविवारी पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत गावभर ओरडत फिरतात. शुक्रवारी मंडळी तीन तास देवळात बसते, क्रुसावरच्या येशूचे शेवटचे बोल ऐकते आणि पदरानं नाक पुसते. शनिवारी सगळं चिडीचूप. तेव्हा कमलबाई कबरस्थानात येऊन मला उचलायची. माझ्यात चुन्याचे खडे टाकायची, वरून पाणी. मी आतून रटरट उकळायची. चिमूटभर नीळ पडली की तयार. मग कुंचा घेऊन एकेका कबरीला पांढरं करायचं. म्हणजे रविवारी पहाटे सगळे गात गात आले, मेणबत्त्या लावल्या, की आपापलं माणूस अंधारातही सापडावं.

शेजारच्या कापसाच्या शेतातली यशोदाबाई कुंपणावरून मोगऱ्याची फुलं द्यायची आणि एक टोमणाही.

"काय वं कमल, तुमना सण शे का सुतक? शुक्रवारे रडतस, रविवारे गातस!"

"मरेल मानूस घर वापस उना, त तू गाशी का रडशी?"

"मना म्हतारा वापस उना, त मी रडसूच वं माय!"

दोघी पोट धरून हसायच्या. मीही हसले असते, पण माझ्यात चुना उकळत होता.

सगळ्या कबरी झाल्या की बुडाशी थोडा चुना उरायचा. तो कमलबाई मुद्दाम ठेवायची. पूर्वेच्या कुंपणाजवळ, जिथं सूर्य उगवताना पहिला दिसतो, तिथं नुसत्या नऊ विटा लावलेल्या होत्या. क्रूस नाही, नाव नाही. कमलबाई खाली बसायची, कुंचा बाजूला ठेवायची आणि हातानंच चुना लावायची. बोटं फाटायची तिची. "मोहिनी," म्हणायची, "उठ वं माय, न्हाई ले."

मोहिनी तिची पहिली पोर. अकरा दिवस जगली. नवरा तेव्हा सुरतेला कामाला. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून त्या वेळच्या पंचांनी सांगितलं, कडेला पुरा, दफनाच्या वहीत नोंद नको. कमलबाईचा सख्खा भाऊ रुपचंद, त्यानंच खड्डा खणला आणि पोरीला आत ठेवलं. पुढं नवराही गेला, ते पंचही गेले. आता त्या जागेची माहिती तीनच जणांना होती. कमलबाई, रुपचंद आणि मी.

मागच्या वर्षी चिकनगुनियानं कमलबाई अंथरुणाला खिळली. मंडळीच्या कमिटीनं रंगवाल्याला काम दिलं. त्यानं प्लॅस्टिकचे डबे आणले, हातात वहीतली यादी. यादीत नाव तिथं रंग. नऊ विटांना कोण विचारतो? दोन विटा त्यानं शिडीखाली टेकू म्हणून घेतल्या. बाकीच्या वर्षभरात मातीत गेल्या.

यंदा कमिटीनं ठरवलं, पहाटेच्या उपासनेला पक्का ओटा बांधायचा, तोंड सूर्याकडं. रुपचंद आता कमिटीचा सेक्रेटरी. ओटा त्यानंच आपल्या बापाच्या नावानं बांधून द्यायचं कबूल केलं. संगमरवरी पाटी कोरूनही आली. आणि जागा कोणती? पूर्वेच्या कुंपणाजवळची.

पाया खणायला मिस्त्री आला त्या सकाळी कमलबाई काठी टेकत आली आणि आखलेल्या चौकोनात मधोमध बसली.

"आठे मनी पोर शे," ती मातीवर हात ठेवून म्हणाली. "मी उठाव नही."

देवळाचा नवा तरुण पाळक, मंडळीचे वडीलधारे चुडामण आबा आणि रुपचंद धावत आले. आबांनी वही उघडली, बोट फिरवलं.

"कमल, वहीमा नाव नही."

"आबा, तिले वहीनं नही, मी जनम दिधा!"

पाळक हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आजारपणानंतर माणसाचा गोंधळ होतो. जागा दुसरी असेल."

तेव्हा ती हात जोडून भावाकडे वळली. "भाऊ, तू सांग ना यास्ले. तूच त खड्डा खंदा व्हता."

रुपचंद पाटीकडे बघत होता. मग म्हणाला, "सव्वीस वरीस व्हई गयात. माले काई याद नही." आणि वाकून तिच्या कानाशी, पण मला ऐकू गेलं, "बापनं नाव लागी राह्यनं आठे, कमल. तमाशा करू नको."

दोन बायकांनी तिला काखेत धरून उठवलं. हलकी झाली होती.

आणि मग मिस्त्रीनं मला उचललं. माझ्यात सिमेंट कालवलेलं भरलं आणि तिथं ओतलं. एकदा नाही, दिवसभर. ज्या जागेवर मी इतकी वर्षं पांढरा चुना नेला, तिथंच मी तो जड चिखल ओतत राहिले.

ईस्टरच्या रविवारी पहाटे मंडळी गात आली. पाळक नव्या ओट्यावर उभा राहिला. त्यानं दरवर्षीचाच उतारा वाचला. बायका पहाटे येशूच्या कबरीकडे गेल्या, कबर रिकामी होती, त्यांनी येऊन सांगितलं, पण पुरुषांना त्यांचं बोलणं वेड्यासारखं वाटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या जुन्या पुरुषांचा सगळ्यांना केवढा राग! रुपचंद ओट्यावरून मोठ्यानं म्हणाला, "प्रभू उठला आहे!" खालून सगळे ओरडले, "खरोखर उठला आहे!" मग चहा झाला, पोरांना रंगवलेली अंडी वाटली.

कमलबाई लांब उभी होती, ओंजळीत यशोदाबाईचा मोगरा. उताऱ्यातल्या त्या बायकांना कबर तरी सापडली हो. हिला कबरच नव्हती. फुलं कुठं ठेवावीत ते तिला कळेना. सगळे पांगल्यावर तिनं ती नाल्यात सोडली आणि घरी गेली. त्यानंतर ती इकडे आलेली नाही.

मी कुंपणाला उपडी पडून आहे. बुडाशी सिमेंटचा गोळा धरलाय, आता माझ्यात चुना भिजायचा नाही. उद्या भंगारवाला नेईल. न्यावंच. तुम्ही पुढच्या शनिवारी कबरी रंगवायला याल, तेव्हा वही घरी ठेवा आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा, कुठं कोण निजलंय. ऐकणार नाही तुम्ही, मला ठाऊक आहे.

मिस्त्रीवर माझा राग नाही, त्यानं सांगितलं ते केलं. पाळक काल आलेला पोरगा. आबांना वहीपलीकडचं दिसतच नाही. माझ्यावर राग होता, फार दिवस होता, सिमेंट मीच ओतलं ना. पण मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं एकालाच, त्याच्या बहिणीनं, चारचौघांत, हात जोडून. नुसतं एक 'हो' म्हणायचं होतं. ज्यानं त्या अकरा दिवसांच्या पोरीला स्वतःच्या हातानं मातीत ठेवलं, आणि आता तिच्या छातीवर उभा राहून 'प्रभू उठला आहे' म्हणून ओरडतो, तो तिचा मामा, रुपचंद.