रोगाचे दात

म्हशाच्या जत्रेत बैलबाजार भरला होता, पण त्या साली बैलांपेक्षा मोठी गर्दी आंबीलबुवाच्या मांडवात होती. दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. जत्रेत हगवण पसरलेली. मुरबाडहून डॉक्टर टिपणीस सुई टोचायला आले होते. त्यांच्या तंबूत माशा आणि बुवापुढे माणसांची रांग.

बुवाजवळ नाचणीच्या आंबिलीचं रांजणाएवढं मडकं होतं आणि पितळेचं ताट. ताटात पिवळं पाणी. चेला जैतू आजाऱ्याच्या तळहाताला अंगारा चोळायचा. तो हात ताटात बुडाला की पाणी लालभडक.

"बघा, रोग उतरला पाण्यात!" बुवा ओरडायचा. मग वरून आंबिलीची निवळ ओतायचा. पाणी परत पिवळं. "मेला! अरे, चिंच खाल्ली की तुमचे दात आंबतात. मग रोगाचे आंबणार नाहीत? दात आंबल्यावर तो चावेल कसा?"

रोगाला दात असतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लोकांनी माना डोलावल्या.

माझी बहीण हिराबाई रांगेत होती. तिची सहा वर्षांची जिवली खांद्यावर चिंधीसारखी पडलेली. जत्रेत आल्या आल्या पोर हीच आंबील प्रसाद म्हणून पोटभर प्यायली होती. मग जुलाबातून रक्त पडायला लागलं. आता तीच आंबील औषध म्हणून पाजायची होती.

"हिरे, डॉक्टरकडं नेऊ गो."

"सुईनं मरेल पोर, दादा. आंबट कुणाला बाधलंय आजवर?"

तेवढ्यात डॉक्टरच मांडवात आले. अगदी गळाल्यावर त्यांच्याकडे उचलून आणलेला प्रत्येक आजारी आधी इथली आंबील प्यायलेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. हिराबाईच्या हातात भरली वाटी होती. ते तिलाच म्हणाले, "बाई, नवरा-नवरीवरून लाल पाणी ओवाळून टाकता ना? ते कसं करता?"

"हळदीत चुना कालवायचा."

"मग हे काय आहे?" आमचा शेजारी महादू तंबाखू मळत होता. डॉक्टरांनी त्याच्या डबीतला चुना बोटावर घेतला आणि ताटात बुडवला. पाणी लाल. वर आंबील ओतली, पाणी पिवळं. "ताटात हळद आहे, अंगाऱ्यात चुना. आंबटानं चुन्याचा जोर मोडतो, रंग परततो. रोग कुठेच गेला नाही."

"आयला, माझ्या चुन्यालाबी रोग झाला!" महादू म्हणाला. लोक हसले.

बुवा बेरकी. तो डगमगला नाही. "रंग सोडा. आंबटात किडा जगतो का? तुमच्या घरात लोणचं किडतं का? बोला!"

हसू थांबलं. ही समजूत बुवाची नव्हती, आमचीच होती.

डॉक्टरांनी मडक्यात डोकावून जैतूला विचारलं, "हे कधी धुतलंस?"

"धुवायचं नाय, सायेब. तळाला जुनी ठेवायची, वर नवी ओतायची. नायतर विरजण मोडतं."

"गर्दी वाढली की?"

"तळ्याचं पाणी घालतो."

त्याच तळ्यात जत्रेचे बैल डुंबत होते.

डॉक्टर म्हणाले, "लोणच्यात मीठ मुबलक, आंबटही कडक. ही आंबील पाण्यानं पातळ केलेली. घाणीतले जंतू एकदम कडक आंबटात पडले तर बहुतेक मरतात. आपल्या पोटातही तसं आंबट असतं, ते आपली राखण करतं. पण जंतूंना आधी सौम्य आंबटात ठेवलं तर? तुमचे पाय अनवाणी चालून घट्टे पडलेले, तुम्हाला खडी टोचत नाही. माझे सोलतील. या मडक्यात जंतूंना घट्टे पडतात, असा मला संशय आहे. मग पोटातलं आंबटही त्यांना लागत नाही."

"नक्की का?" मी विचारलं.

"नक्की नाही. पण या पोरीवर अजमावून बघू नका."

हिराबाईने वाटी जमिनीवर ओतली आणि पोरीला घेऊन तंबूकडे धावली.

दुपारी बुवा ताट घेऊन पळाला. मडकं मागे राहिलं. संध्याकाळी पाहतो तर आमच्या गावची अंबूबाई त्यातून तांब्या भरत होती. "बुवा खोटा असंल रे, आंबील खरी हाय." मी मडकं फोडलं. तिने मला जे शाप दिले ते अजून आठवतात. जैतू त्याच जत्रेत हगवणीने गेला. बिचारा श्रद्धेने रोज पीत होता.

उतारवयात मी वाचायला शिकलो, तेव्हा डॉक्टरांचा संशय खरा निघाल्याचं वाचलं. थोडं आंबट लागलं की काही जंतू सावध होतात, अंगात शिरलेलं आंबट बाहेर फेकायची तयारी करतात आणि पुढचं कडक आंबट सोसतात.

आंबील वाईट नाही, बाबांनो. घाण पाणी आणि न धुतलेलं मडकं वाईट. पाणी उकळा, मडकं घासा. बुवा पकडायला चिमूटभर चुना पुरला. पण आंबटात काही जगत नाही ही जी आपली समजूत त्याला कामी आली, ती कोण पकडणार? ती आपणच तपासायची, आजीने सांगितलेली असली तरी.

जिवली महिनाभर पेजेवर काढून उठली. आज ती स्वतः आजी आहे. तिच्या कुडाच्या घरापुढे आंबिलीचं मडकं रोज घासून उन्हात उपडं घातलेलं दिसतं. शेजारणी अजून हसतात तिला.